सात जन्मांचा धागा आणि मनगटाएवढा वड

अगं, इकडे ये बघू. कागदावरच बोलतेय, पण तू आपली माझ्या शेजारी येऊन बसली आहेस असं समज, कारण आधी तुझा कान धरायचाय. सख्खी भाची ना गं तू माझी? कोपरी ते डोंबिवली म्हणजे काय परदेश आहे? आणि तू मला मोबाइलवर विचारतेस, ‘मावशी, तू खरंच वटपौर्णिमेचे धागे कापलेस? असं का केलंस?’ वर तो रडका चेहरा. कुणी सांगितलं तुला? सासूबाईंच्या भजनातल्या बाईने. तिला कुणी? तिच्या डोंबिवलीच्या नणंदेने. म्हणजे बातमी ठाण्यापर्यंत पोचली, आणि वाटेत प्रत्येक स्टेशनावर थोडी फुगली. मी धागे कापले हे खरं. कोयता घेऊन गेले होते हे साफ खोटं. फॉल-बिडिंगची माझी छोटी कात्री होती. आता पहिल्यापासून ऐक, आणि मध्ये मध्ये ‘हं’ म्हणू नकोस.

आमच्या बिल्डिंगच्या मागचा भूखंड तुला आठवत असेल. ‘उद्यानासाठी आरक्षित’ असा बोर्ड होता आणि त्या बोर्डाच्या सावलीत अख्ख्या परिसराच्या जुन्या बाथरूमच्या टाइल्स, फाटक्या गाद्या आणि एक पांढरा कमोड सुखाने नांदत होते. वर्षानुवर्षं तेच आमचं उद्यान. मग आजूबाजूच्या बिल्डिंगमधली बरीच मंडळी एकदम रिटायर झाली. माणूस रिटायर झाला की त्याला निसर्ग आठवतो. त्यांनी उद्यान समिती काढली. अध्यक्ष झाले ते एका मोठ्या ऑफिसातून निवृत्त झालेले साहेब. नावावर तीन मीटिंगा झाल्या. मग हिरवे टी-शर्ट आले, पाठीवर पान. मग व्हॉट्सॲप ग्रुप झाला. फावडं सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही एकच.

तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही. कचरा उचलला गेला, कुंपण झालं, माती आली, हे त्यांच्याच खटपटीने. साहेबांनी पालिकेत इतके अर्ज केले की शेवटी तिथले लोक त्यांना दारातच चहा देऊन परत पाठवायला लागले. पण झाडं लावून झाली आणि खरी गंमत सुरू झाली. प्रत्येक घराने एक झाड दत्तक घ्यायचं ठरलं. झाडाशेजारी पाटी. पाटी झाडाच्या दुप्पट. लांबून बघितलं तर वाटायचं, पाट्याच लावल्यात आणि त्यांना आधार म्हणून काड्या खोवल्यात. आणि जो तो आपल्याच झाडाला पाणी घालणार! शेजारचं झाड माना टाकून उभं असलं तरी त्यावर चार थेंब चुकून उडू द्यायचे नाहीत. अंगारकीला टिटवाळ्याला निघालं की लोक ग्रुपवर लिहायचे, ‘आज आमच्या जांभळाला कुणी पाणी घालेल का?’ त्यावर चाळीस जणांचे जोडलेले हात. बादली एकाचीही नाही.

उरलेल्या, बिनपाटीच्या झाडांना पाणी घालायला दोघीच. एक मी. दुसऱ्या, गाववाल्या आजी. म्हणजे हा सगळा भूभाग ज्यांची भातशेती होती, त्या घरच्या. आता तिथे त्यांच्या मुलांच्या तीन बिल्डिंगी उभ्या आहेत, दारात दोन गाड्या आहेत, पण आजी सकाळी अनवाणीच येतात, तण उपटतात आणि जाताना ओच्यात माठाची भाजी घेऊन जातात. त्यांनी टी-शर्ट घेतला नाही. म्हणाल्या, “मना काय करायचाय? मी हितलीच हाय.”

त्या बिनपाटीच्या झाडांतलाच तो वड. त्याला पाटी नव्हती कारण तो आमच्या घरचा होता आणि मला पाटी नको होती.

तुला ठाऊक नाही ही गोष्ट. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, सांडपाण्याच्या पाइपाशेजारच्या भेगेत तो उगवला होता. सोसायटीने ॲसिड ओतायला माणूस बोलावला. तुझ्या काकांनी ग्रिलमधून हात बाहेर घातला, कोपर सोलवटून घेतलं आणि मुळासकट ओढून काढला. तेलाच्या डब्यात लावला, गॅलरीत ठेवला. पुढे ते आजारी पडले, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं, तर हे फक्त त्या वडासाठी उठायचे. गोळी घ्यायची वेळ झाली की हमखास म्हणायचे, “थांब गं, वड पाणी मागतोय.” आणि गोळीसाठी आणलेलं पाणी त्याला घालून यायचे. ते गेले तेव्हा डबा खालून फाटला होता, मुळं बाहेर आली होती. गॅलरीत वड किती दिवस ठेवणार? मी तो उद्यानाला दिला. दिला म्हणजे काय गं, नुसता खाली नेऊन लावला. रोज जात होतेच.

लावला त्या दिवशी प्रमुख पाहुणे होते. एका फावड्याच्या दांड्याला पंधरा हात लागले, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. फोटो झाल्यावर सगळे वडे खायला गेले. खड्डा उघडाच. मी आणि आजींनी हाताने माती लोटली.

वाढला बाई तो. माझ्या डोक्याच्या वर गेला, खोड मनगटाएवढं झालं. आणि यंदा अध्यक्षीणबाईंच्या, म्हणजे साहेबांच्या मिसेसच्या, तो नजरेत भरला. त्या महिला विभागाच्या प्रमुख. त्यांनी जाहीर केलं की या वर्षी वटपौर्णिमा आपल्याच उद्यानात, आपल्याच वडाला. बाजारातली तोडलेली फांदी आणायची नाही. गेटवर मोठा फलक लागला, ‘फांदी तोडू नका, झाड पूजा. प्लास्टिक टाळा’. फलक प्लास्टिकचाच होता, पण विचार चांगला होता. खरंच चांगला होता. दर वर्षी स्टेशनबाहेर ते फांद्यांचे भारे दिसले की मी रस्ता बदलायचे. मला इतका आनंद झाला की मी आदल्या दिवशी जाऊन त्याची पानं पुसली.

मीटिंगमध्ये कामं वाटली. मी म्हटलं, मी काय करू? अध्यक्षीणबाई शेजारणीकडे बघून गोड हसल्या. “काकू, तुम्ही कशाला धावपळ करता? तुम्ही गेटपाशी बसा ना सावलीत. चपलांकडे लक्ष ठेवा.”

विधवा बाईला पूजेपासून लांब ठेवायचं, पण ते तोंडाने म्हणायचं नाही, इतकी सुधारणा आमच्याकडे झाली आहे. मी चपलांपाशी बसले.

आणि काय सांगू तुला! फुकट आणि जवळ म्हटल्यावर पलीकडच्या तीन कॉम्प्लेक्समधून बायका आल्या. रांग गेटबाहेर, रिक्षा स्टँडपर्यंत. नऊवारी, नथी, गॉगल. गुरुजींना माइक दिला होता. “पहिली बॅच पुढे या. आपला वेग वाढवा, मागे सुवासिनी खोळंबल्यात.” मोठ्या वडाला फेरे घालायचे म्हणजे चालणं होतं गं. मनगटाएवढ्या वडाला सात फेरे म्हणजे भोवरा. दोघी चक्कर येऊन एकमेकींवर पडल्या. कुणी दूध ओततंय, कुणी दही, कुणी उदबत्ती सरळ खोडात खुपसतंय. माती तुडवून तुडवून पाट्यासारखी गुळगुळीत झाली.

रांगेतलं बोलणं मला चपलांपाशी स्पष्ट ऐकू येत होतं.

“आमचे हे तर काल म्हणाले, सात जन्म तूच कशाला मागतेस, मला विचार ना एकदा.”

“मग?”

“मग काय, सकाळी डबा दिला नाही. उपास आहे म्हटलं, दोघांचा.”

“आमच्या ह्यांचा ओला टॉवेल अजून बेडवरच असतो गं, वीस वर्षं झाली. हेच सात जन्म?”

“चल चल, आपली बॅच आली.”

आणि धागा! नेहमीचं पांढरं कच्चं सूत नव्हतंच. महिला विभागाने ऑनलाइन एकत्र मागवला होता, हिरवा आणि केशरी, साड्यांना मॅचिंग. तीस वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल लावले मी, धागा मला बोटांना कळतो. एक रीळ चपलांपाशी घरंगळत आलं. मी टोक ओढलं, तुटेना. शेजारच्या उदबत्तीच्या विस्तवावर धरलं. सूत जळून राख होतं. हा वितळला आणि टोकाला काळी गोळी झाली. पक्का पॉलिस्टर. मी उठून अध्यक्षीणबाईंकडे गेले.

“अहो, हा धागा कुजायचा नाही. कोवळी साल आहे, कापेल तिला.”

“काकू, टिकाऊच हवा ना?” त्या म्हणाल्या. “सात जन्मांचा प्रश्न आहे.”

गाववाल्या आजी रांगेत होत्या. त्यांचे यजमान अजून आहेत, खुर्चीत बसून असतात. त्यांची पाळी आली. त्यांनी झाडाकडे बघितलं, हातातलं सूत परत कमरेला खोचलं आणि मोठ्याने म्हणाल्या, “आमच्या शेतान वड होता, धा मानसांच्या कवंतला. त्याला बांधलाव तर त्याला कलायचा पन नाय. ह्यो पोर हाय गो! पोराच्या गल्याला कोन फास लावतय?” आणि नुसता हात लावून निघाल्या. गुरुजी माइकवर म्हणाले, “आजी, पुढच्या बॅचला जागा द्या.”

संध्याकाळी वड दिसत नव्हता. हिरव्याकेशरी धाग्याचं एक जाडजूड रीळ उभं होतं, वर चार पानं. फोटो मात्र फार सुंदर आले.

चार दिवसांनी पानं लोंबली. आठव्या दिवशी पिवळी पडायला लागली. जवळ गेलं की आंबलेल्या दुधाचा वास. मी धाग्यांखाली बोट सरकवून बघितलं, साल काळी आणि बुळबुळीत लागली. पाऊस पडत होता, पण पाणी त्या तुडवलेल्या मातीवरून वाहून जायचं, आत मुरायचंच नाही. मला रात्रंदिवस एकच, हा जातोय. यांच्या हातचं राहिलेलं तेवढंच होतं गं माझ्याकडे. कपडे मी देऊन टाकले, चष्मा तुझ्या मामांनी नेला. हा वडच तेवढा.

पण मी काही लगेच कात्री घेऊन धावले नाही, हे तुझ्या सासूबाईंना सांग. मी रीतसर समितीत विषय मांडला. साहेब म्हणाले, प्रश्न भावनिक आहे, उपसमिती नेमू. उपसमितीत अध्यक्षीणबाई आणि इतर दोघी. उपसमितीने ठरवलं, गुरुजींना विचारू. गुरुजी म्हणाले, “बांधलेला धागा कापत नाहीत. आपोआप सुटला तर दोष नाही.” आता पॉलिस्टर आपोआप सुटायचा म्हणजे सातवा जन्म संपेपर्यंत थांबायला हवं. साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, ‘झाडाला कोणीही हात लावू नये. निरीक्षण चालू आहे.’ त्यावर साठ अंगठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक फेऱ्या मारत असताना, भर उजेडात, मी स्टूल घेतलं, कात्री घेतली आणि वडापाशी बसले. एकेक पदर उचलायचा, साल सांभाळायची, कापायचं. फॉल उसवतो तसं. गाववाल्या आजी येऊन समोर बसल्या, तुकडे टोपलीत टाकायला लागल्या. फेऱ्या मारणारे आधी हळू झाले, मग थांबले. कुणीतरी फोन केला. अध्यक्षीणबाई गाऊनवर ओढणी घेऊन धावत आल्या, मागून साहेब, हाफ पँटमध्ये.

“काकू! काय हे! त्यात माझा धागा होता!”

“कुठला तो दाखवा, ठेवते.”

“तुम्हाला काय त्याचं! तुमचं काय जाणार आहे आता?”

बोलून गेल्या. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण हातात कात्री होती आणि सालीचा नाजूक भाग आला होता, म्हणून मान वर केली नाही. म्हटलं, “माझं जे आहे ना, ते हेच आहे. तुमचे तुमच्या मागे उभे आहेत. बघा, ठीक आहेत.”

साहेब मागून हळूच म्हणाले, “मी ठीक आहे गं.”

“तुम्ही गप्प बसा!”

साहेब ठीक राहिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांनी त्याच दुपारी कापा फणस आणला, एकट्याने निम्मा संपवला, वर थंडगार पाणी प्यायले. संध्याकाळपासून जे धरले गेले ते दोन दिवस बाथरूमपासून हलले नाहीत. झालं! फणसाला कुणी विचारतंय का? ग्रुपवर लिहून आलं, ‘धागे कापल्याचे परिणाम दिसू लागले.’ मग कुणाच्या मिस्टरांची पाठ, कुणाची सर्दी, एकाच्या स्कूटरचं पंक्चरसुद्धा माझ्याच खात्यात. मला ग्रुपमधून काढलं. लिफ्टमध्ये बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायला लागल्या. ती हीच बातमी, जी तुझ्या सासूबाईंच्या भजनात आली.

बायका गुरुजींकडे परिहार विचारायला गेल्या. गुरुजी व्यवहारी माणूस. म्हणाले, “ज्याच्यासाठी धागा बांधला, त्याने स्वतः एकवीस दिवस रोज वडाला कळशीभर पाणी घालावं. दोष जातो.”

अगं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघितलं आणि बघतच राहिले. धो धो पाऊस. आणि एका हातात छत्री, एका हातात बादली अशी पुरुषांची रांग. समिती निघाल्यापासून ज्यांनी एका रोपाला चूळ भरून पाणी घातलं नव्हतं, ते सगळे निसर्गसेवेला हजर. पावसात पाणी ओततायत, खाली तळं झालंय, त्यात माझा वड मांडीभर पाण्यात बुडालेला. धाग्याने मेला नसता तो, यांच्या सेवेने नक्की मेला असता.

मी तशीच खाली उतरले. साहेब सगळ्यात पुढे होते, गाल बसलेले.

“साहेब, वरून पडतंय ते पुरे आहे. पाणी नको, माती दगड झालीय ती मोकळी करा.”

“गुरुजी पाणी म्हणाले.” साहेबांचा आवाज क्षीण होता. “लेखी नाही, पण पाणीच म्हणाले.”

मी तिथूनच गुरुजींना फोन लावला. मागे सनई वाजत होती, कुठल्या तरी हॉलवर होते. “गुरुजी, पाण्याऐवजी खुरपणी चालेल का?”

“चालेल हो, चालेल. भाव महत्त्वाचा. ठेवतो, अंतरपाट धरलाय.”

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सगळ्यांनी ऐकलं. आजींनी घरून चार खुरपी आणली. साहेबांनी खुरपं पेनासारखं धरलं, सही करावी तसं मातीवर टेकवलं. आजी ओरडल्या, “साहेब, हलू! मुली तुटतील!” म्हणजे मुळ्या. आणि अख्खं ऑफिस ज्यांना घाबरायचं ते साहेब म्हणाले, “सॉरी आजी.” पाणी जायला चर काढला. वरचा आंबलेला थर खरवडला, नवी माती घातली, पालापाचोळा पसरला. एकवीस दिवस. पुरुषांची गंमत अशी की चौथ्या दिवसापासून ते वेळेच्या आधी यायला लागले. घरी शांतता नसते म्हणे, इथे असते. एकाने तर चुकून शेजारच्या पाटीच्या झाडालाही खुरपलं.

मी मात्र रोज फक्त शेंडा बघत होते. पानं गळत गेली. एक फांदी पार वाळली, ती आजींनी कापली. खोडावर कमरेएवढ्या उंचीवर काळं कडं पडलंय. अठराव्या का एकोणिसाव्या दिवशी शेंड्यावर लालसर टोकदार कोंब दिसला, गहू असतो तेवढा. मी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस स्वतःशीच ठेवला. नजर लागते म्हणून नव्हे, ग्रुपवर जाईल म्हणून.

परवा अध्यक्षीणबाई एकट्या आल्या. मी स्टुलावर बसले होते. चप्पल चिखलात रुतवत समोर उभ्या राहिल्या.

“काकू, तुमचे हे होते तेव्हा तुम्ही कुठल्या वडाला बांधायचात?”

“बाजारातल्या फांदीला. हा तेव्हा डब्यात होता. हे म्हणायचे, सात जन्म नको मागूस, बिल्डिंगला लिफ्ट माग. लिफ्ट आली.”

त्या हसल्या. मग हसू आवरलं. “मी त्या दिवशी जे बोलले…”

“बोललात खरं,” मी म्हटलं. “आता ती खालची उकरलेली माती जरा दाबा बघू, माझा गुडघा वाकत नाही.”

वाकल्या बाई. साडी वर खोचून नीट दाबली. दुसऱ्या दिवशी कुणी काही न बोलता मला ग्रुपमध्ये परत घेतलं. पहिलाच निरोप काय, तर गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. पुढच्या वर्षासाठी ठराव झालाय, वडाभोवती बांबूचा कठडा करायचा, धागे कठड्याला बांधायचे, आणि कुठलाही धागा काकूंना दाखवल्याशिवाय आत न्यायचा नाही. मला पद देत होते. मी म्हटलं, पद राहू द्या, स्टूल तेवढं पावसात ठेवू नका.

वड जगेल का, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही. आजी म्हणतात, ते कडं भरून यायला दोन पावसाळे लागतील, तोवर वाऱ्याला जपायचं. कोंबाची आता तीन पानं झाली आहेत, इवलीशी, तेल लावल्यासारखी चकचकीत. तू ती बघायला ये गं. श्रावण लागायच्या आत ये, आणि शनिवारी ये, रविवारी मेगाब्लॉक असतो. जावईबापूंनाही घेऊन ये, आजी त्यांना खुरपं धरायला शिकवतील. मी अळूची भाजी करते, राहायच्या तयारीने या.